कुणीतरी जागं हवं

आज कुठल्याही अग्निशमन केंद्रातल्या रुग्णवाहिकेचं दार उघडलं, तर प्राणवायूच्या सिलिंडरशेजारी मंदक या औषधाच्या निळ्या कुप्या दिसतात आणि कुणाला त्यांचं काही वाटत नाही. मंदक नवीन होतं तेव्हा ते देशातल्या दोनच शहरांना मिळालं होतं. त्यातलं एक सोलापूर. केंद्राच्या मागच्या अंगणात, जिथं पूर्वी आगीवर वापरलेले पाण्याचे पाइप वाळत घालायचे, तिथं डॉ. अन्वी मादगुंडीची प्रयोगशाळा उभी राहिली. मंदक शोधून काढणाऱ्यांपैकी ती एक. वय तिशीच्या आतलं, अंगानं काडी, आणि बोलताना समोरच्यापेक्षा पडद्याकडे जास्त बघणारी.

एका सकाळी तिनं तृप्ती हविनाळेंना बोलावून घेतलं. तृप्तीताई दलातल्या सगळ्यात जुन्या पॅरामेडिक. रुग्णवाहिकेत एक स्ट्रेचर, एक सिलिंडर आणि एक देवाचा फोटो एवढंच असायचं, त्या दिवसांपासून त्या या नोकरीत होत्या.

"ताई, रागावू नका," अन्वी म्हणाली. "पण तुमच्या गाडीत मंदक लागूच पडत नाहीये."

"औषध जुनं असेल."

"सगळ्या गाड्यांना एकाच खोक्यातलं दिलंय."

"मग ह्या रफिकच्या गाडी चालवण्यानं होत असेल. खड्डे चुकवायला शिकलाच नाही तो."

ड्रायव्हर रफिक नदाफ दारात चहा पीत उभा होता. "खड्डे चुकवायला रस्ता तर पायजे की, ताई," तो म्हणाला.

अन्वी हसली नाही. तिनं पडद्यावर दोन रेषा दाखवल्या. निद्रामापी नावाचं मनगटी यंत्र रुग्णाची झोप किती खोल गेली ते या रेषेत नोंदवायचं. दुसऱ्या गाड्यांची रेषा उतारावरून घसरत जावी तशी खाली गेली होती. तृप्तीताईंच्या गाडीची रेषा करवतीच्या दातांसारखी वर-खाली होत राहिली होती.

"शरीर म्हणजे सतत पेटलेली शेगडी," अन्वी म्हणाली. "रक्त गेलं की इंधन तुटतं आणि शेगडी विझते. मंदक ती शेगडी मंद करतं. थंडीत वटवाघूळ करतं ना, तसं. हृदय मिनिटाला चार-पाच ठोक्यांवर येतं, अंग गार पडतं, रक्तस्राव जवळजवळ थांबतो. तासाभराचा सोबती असलेला माणूस दिवसभर तग धरतो."

"हे मला पाठ आहे गं. प्रशिक्षणात पहिल्या रांगेत बसले होते मी."

"पण एक गोष्ट प्रशिक्षणात नव्हती, कारण ती मलाच माहीत नव्हती. मंदक शेगडी मंद करत नाही, फक्त तशी मुभा देतं. मुभा वापरायची की नाही, हे मेंदूच्या तळाचा एक बोराएवढा भाग ठरवतो. जागं राहायला काही कारण आहे असं त्याला वाटलं, की तो शेगडी पेटतीच ठेवतो. आता हे ऐका."

तिनं गाडीतलं ध्वनिमुद्रण सुरू केलं. तृप्तीताईंना स्वतःचाच आवाज ऐकू आला. "काका, डोळे उघडा. झोपायचं नाही. नाव सांगा तुमचं. मुलं किती? थोरल्याचं नाव काय? झोपायचं नाही, माझ्याकडे बघा." प्रत्येक वाक्याला रेषा उसळून वर जात होती.

तृप्तीताई ते मुद्रण ओळखून होत्या. त्यातले काका वाचले नव्हते. शेवटपर्यंत बिचारे उत्तरं देत राहिले होते.

"आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं," त्या म्हणाल्या. "पेशंटला झोपू द्यायचं नाही. कान सगळ्यात शेवटी जातात, म्हणून बोलत राहायचं."

"ते बरोबरच होतं, ताई. मंदक नव्हतं तोवर."

मग तृप्तीताई गप्प राहू लागल्या. रफिकला ते सोसेना. गाडीचं इंजिन बंद पडल्यासारखं वाटतं, असं तो म्हणायचा. पण गप्प राहण्यानंही रेषा उतरेना. घाबरलेल्या माणसाचे कान शांततेत जास्तच टवकारतात. अन्वीनं एका गोड आवाजाची ध्वनिफीत तयार करवून गाडीत लावली. रुग्णांनी तिला काहीबाही विचारलं, तिच्याकडून उत्तर आलं नाही, आणि रेषा पूर्वीपेक्षाही वर गेली.

उत्तर सापडलं ते एका दुपारी, स्वयंपाकघरात भाजलेल्या एका म्हाताऱ्या बाईंमुळे. मंदक टोचल्यावर त्यांनी तृप्तीताईंचा हात घट्ट धरला आणि विचारलं, "मी मरतेय का गं?"

"नाही," तृप्तीताईंच्या तोंडून निघून गेलं. "तुम्ही झोपा. मी जागी आहे."

विहिरीत दगड सोडावा तशी रेषा खाली गेली.

अन्वीनं ते मुद्रण पुनःपुन्हा ऐकलं. "कळपातली जनावरं झोपतात तेव्हा त्यातलं एक जागं असतं," ती म्हणाली. "बाकीचे मेंदू त्याच्या भरवशावर झोपतात. आपला मेंदू तोच आहे, ताई. त्याला गाणं नको, समजूत नको. कुणीतरी जागं आहे याची खात्री हवी."

तेव्हापासून हे वाक्य सगळ्या गाड्यांमध्ये बोललं जाऊ लागलं.

उन्हाळ्याच्या अखेरीस एका जुन्या चादर कारखान्याचं छत भर दुपारी खाली आलं. कामगार जेवायला बाहेर पडलेले, म्हणून थोडक्यात निभावलं. आत एकच जण राहिला होता. अंबादास गाजूल नावाचा यंत्रमागावरचा कारागीर, पन्नाशीचा. त्याच्या मांडीवर तुळई होती आणि खालची जमीन रक्तानं भिजली होती. तृप्तीताई कोपरांवर सरपटत त्याच्यापर्यंत पोचल्या.

"अक्का, डबा मागावरच राहिला," तो म्हणाला. "शेंगाचटणी हाय. मुंग्या लागतील."

"मुंग्यांचं मी बघते. तुम्ही झोपा आता, अंबादास. मी जागी आहे."

मंदकानं काम केलं. अंबादासचा श्वास लांब लांब होत गेला. त्याच्या मनगटावर निद्रामापी बांधून तृप्तीताई मागं वळल्या, आणि छताचा उरलेला भाग त्यांच्या वाटेवर कोसळला.

धूळ बसल्यावर बाहेरच्यांना बिनतारी यंत्रावर त्यांचा आवाज आला. तो नेहमीसारखाच होता, दुसऱ्या कुणाची तपासणी करून सांगावी तसा. "डावा पाय अडकलाय. पोट कडक होत चाललंय, म्हणजे आत रक्तस्राव आहे. नाडी जलद. दुसरी कुपी माझ्याकडे आहे, मी टोचून घेते. माझ्या मनगटावरही निद्रामापी बांधतेय."

बाहेर केंद्रप्रमुख साळगर हिशेब करत होते. एकेक टेकू लावत छत उचलायचं म्हणजे संध्याकाळ होणार. घाई केली तर उरलेलं छत दोघांवर बसणार. मंदक लागू पडलं तर तृप्तीताई संध्याकाळच काय, सकाळही बघतील. नाही लागलं तर तासाभराच्या आत सगळं संपणार. खबर मिळताच धावत आलेली अन्वी रुग्णवाहिकेतल्या पडद्यासमोर बसली. दोन रेषा होत्या. अंबादासची तळाशी निवांत पडून होती. तृप्तीताईंची खाली येता येता अर्ध्यावरच अडली.

"ताई, झोपा ना," अन्वी यंत्रात म्हणाली. "आम्ही सगळे जागे आहोत."

"प्रयत्न करतेय गं."

रेषा हलली नाही. रफिकनं अन्वीच्या हातातून यंत्र घेतलं. "ताई, मी जागा हाय. रफिक. खड्ड्यांची शप्पथ."

आतून हसण्यासारखं काहीतरी ऐकू आलं, मग वेदनेनं ओढलेला श्वास. रेषा आणखी वर गेली.

"का नाही झोपत ह्या?" साळगरांनी विचारलं.

अन्वीला कळलं. "त्यांनी अंबादासला शब्द दिलाय," ती म्हणाली. "मी जागी आहे, म्हणून सांगितलंय. तो ज्या वाक्यावर झोपला, त्याच वाक्यानं त्यांना जागं ठेवलंय. त्याला सोडून त्यांचा मेंदू झोपणार नाही."

"मग आपण सांगू, त्याला आम्ही बघतो म्हणून."

"सांगून नाही भागत, साहेब," रफिक म्हणाला. "आपल्यात चार्ज असा देतात व्हय? दुसऱ्यानं पेशंटच्या नाडीवर बोटं ठेवायची, मोजून दाखवायची, तवा पहिल्यानं हात काढायचा. फोनवरून चार्ज दिल्याचं ताईंनी कधी चालवून घेतलंय का? एकदा एका मोठ्या डॉक्टरला त्यांनी रुग्णालयाच्या दारात उभं करून नाडी मोजायला लावली होती."

एक वाट उरली होती, कोसळलेल्या मागाखालून, हातभर उंचीची. रफिक आडवा होऊन बघून आला. "माझं पोट आड येतंय," तो म्हणाला. साळगरांनी आपल्या सडपातळ माणसांवरून नजर फिरवली. खांद्यापाशी सगळेच अडणार होते.

"मी जाते," अन्वी म्हणाली.

"डॉक्टर, तुम्ही दलातल्या नाही. तुम्हाला आत सोडलं तर माझी नोकरी जाईल."

"आणि नाही सोडलं तर ताई जातील."

साळगरांनी स्वतःचं हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर ठेवलं. ते तिच्या डोळ्यांवर आलं. रफिकनं आपला रुमाल घडी करून आत कोंबला, तेव्हा कुठं बसलं.

अन्वीनं आयुष्यात यापूर्वी फक्त पडद्यावरच्या रेषाच पाहिल्या होत्या. मागाखालच्या त्या फटीतून सरपटताना सुटलेलं सूत तिच्या तोंडात जात होतं आणि वर काहीतरी करकरत होतं. शेवटी विजेरीच्या उजेडात तृप्तीताईंचा चेहरा दिसला. राखेसारखा पांढरा. त्यांचा एक हात अंबादासच्या मनगटावर होता.

"तू?" त्या म्हणाल्या. "साळगरची अक्कल गहाण पडली काय?"

"चार्ज घ्यायला आलेय, ताई."

"मोज."

अन्वीनं त्यांच्या बोटांशेजारी आपली बोटं ठेवली. काहीच लागेना. मंदनिद्रेतली नाडी किती मंद असते हे तिनंच जगाला सांगितलं होतं, पण दोन ठोक्यांमधली ती पोकळी तिनं कधी बोटांखाली अनुभवली नव्हती. माणूस गेलाच असं वाटायला लावणारी ती पोकळी होती.

"लागत नाही, ताई."

"लागेल. दाबू नकोस. थांब."

मग आतून कुणी हळूच दार ठोठावावं तसं झालं. "एक," अन्वी म्हणाली. बऱ्याच वेळानं, "दोन."

"झालं. आता दुसरा हात माझ्या मनगटावर. तोही पेशंट तुझाच. घेतलास?"

"घेतला."

"नीट म्हण."

"चार्ज घेतला, ताई. दोघांचा. तुम्ही झोपा. मी जागी आहे."

तृप्तीताईंनी अंबादासच्या मनगटावरचा हात काढला. बाहेर रफिक पडद्याला नाक लावून बसला होता. रेषा खाली घसरायला लागल्यावर तो एवढ्या मोठ्यानं ओरडला, की टेकू लावणारी माणसं दचकून थांबली.

संध्याकाळी तिघांना बाहेर काढलं. रुग्णालयाचे डॉक्टर दोन्ही मनगटांवर बोटं ठेवेपर्यंत अन्वीनं आपले हात काढले नाहीत.

अंबादास दुसऱ्या दिवशी जागा झाला. तृप्तीताई झाल्या नाहीत.

शस्त्रक्रिया छान झाली होती, पाय वाचला होता, मंदक रक्तातून पूर्ण निघून गेलं होतं. अंगाला ऊब आली, नाडी चांगली चालू लागली. पण निद्रामापीची रेषा तळाशी पडून होती. दिवस गेले, तशी डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काळजी दिसू लागली. अशी झोप लांबली तर स्नायू झिजतात, छातीत कफ साठतो, आणि मग माणूस हाती लागत नाही.

भेटायला माणसांची रीघ लागली होती. तृप्तीताईंचे यजमान, श्रीशैल हविनाळे, उशाशी बसून रोज सांगायचे, "घरची अजिबात काळजी करू नकोस. मी सगळं बघतोय." साळगर म्हणायचे, "मॅडम, तुमच्या गाडीवर चांगली मुलगी दिलीय. तुम्ही निवांत आराम करा." आजारी माणसाला भेटायला गेलं की आपण सगळे जे बोलतो, तेच सगळे बोलत होते.

कोपऱ्यात बसलेली अन्वी रेषेकडे बघत होती. प्रत्येक पाहुण्यानंतर ती आणखी थोडी सपाट होत होती. एका दुपारी ती ताडकन उठली.

"थांबा! कुणीही बोलू नका हे."

"काय चुकलं आमचं?" श्रीशैलराव गोंधळले.

"मी चार्ज घेतला, पण परत दिलाच नाही. त्यांच्या मेंदूचा जागं राहण्याचा सगळा भार आपण काढून घेतला, आणि वर रोज येऊन सांगतोय, की तुमच्यावाचून काही अडलं नाही. तो उठेल कशाला?"

"म्हंजे आपण सगळे मिळून अंगाई म्हणतोय की," रफिक म्हणाला. मग तो खाटेपाशी वाकून ओरडला, "ताई, आग लागलीय! मोठी! चला!"

रेषा ढिम्म राहिली. रफिकची थाप तृप्तीताईंनी जागेपणी तरी कधी मानली होती? अन्वीनंही हाका मारून पाहिल्या. गरज खरी हवी होती, आणि सगळं तर खरोखरच ठीक चाललं होतं.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून अंबादास चाकाच्या खुर्चीवरून आला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. जिनं आपल्याला जगवलं त्या बाईच्या पाया पडावं एवढंच त्याच्या मनात होतं. कुणी नको म्हणायच्या आत तो खाटेकडे वाकला. मांडीचे टाके ताणले गेले.

"आई गं!" तो कळवळला, आणि तोल सावरायला त्यानं हात टेकला तो तृप्तीताईंच्या हातावर.

अन्वीनं पडद्याकडे बघायचं सोडून दिलं होतं, ती त्या हाताकडे बघत होती. तृप्तीताईंची बोटं हलली. चादरीवरून सरकत, चाचपडत, अंबादासच्या मनगटापाशी आली आणि नाडीवर जाऊन थांबली.

"कुठं दुखतंय?" डोळे मिटलेलेच ठेवून तृप्तीताईंनी विचारलं.