उलटी रंगवलेली डुमकी

दुसरं मरण
(पहिलं नंतर येईल. कोडं दुसऱ्यात आहे, म्हणून ते आधी.)

गवत पिवळसर तपकिरी. डुमकीही पिवळसर तपकिरी. रंग असा जुळलेला, की गवताची काडी तिच्या पाठीवर ठेवली असती तर शोधत बसावं लागलं असतं. डुमकी कान टवकारून गवतात उभी होती. जराही हलली नाही.

तरीही शिकाऱ्याने तिला दोनशे पावलांवरून हेरलं.

वर्गाच्या भिंतीएवढ्या पडद्यावर धूळ उडाली. धूळ खाली बसली, तेव्हा माळावर एकटा शिकारी होता, मिशा चाटत.

"आपली डुमकी वारली," पारखी अदबीने म्हणाला. "कारण : दिसली. आता एकच संधी शिल्लक."

पारखी हा पेणच्या एका शाळेतला यंत्रमानव. साल २०६८. सातवीच्या प्रत्येक मुलाने एक प्राणी कल्पायचा, मातीत घडवायचा आणि रंगवायचा. पारखी तो चहूबाजूंनी न्याहाळायचा, दहापट मोठा करायचा आणि संगणकातल्या एका परक्या ग्रहाच्या माळावर सोडायचा. तिथे डोक्यावर एक सूर्य, भोवती गवत आणि एक भुकेला शिकारी प्राणी. या शिकाऱ्याला रंग कळत नसत, फक्त उजेड आणि अंधार कळे. दिवस मावळेपर्यंत तगला, तर प्राणी जगला. तीनदा मेला, तर त्याचं नाव दारामागच्या 'नामशेष' फळ्यावर जायचं. फळ्यावर गेलेला प्राणी पुन्हा कधीच माळावर सोडता येत नसे.

"ऊर्मे, माझ्या आगजीभ्याशेजारी जागा आहे बघ," हर्षद फळ्याकडे बोट दाखवत म्हणाला. त्याचा आगजीभ्या तिन्ही वेळा स्वतःच्याच आगीत भाजून मेला होता.

"तुझ्या आगजीभ्याला शेजार मिळणार नाही," ऊर्मी म्हणाली. 

डुमकी काही काल सुचलेली नव्हती. ऊर्मी पाच वर्षांची असताना, आबांच्या गणपतीच्या कारखान्यात उरलेल्या शाडूच्या गोळ्यातून ती निघाली होती. सहा पाय, झाडूसारखी शेपटी, गवताचं बी टिपायला लांबोडकं नाक. सात वर्षं ती ऊर्मीच्या उशाशी होती. ती फळ्यावर जाणार नव्हती. बस्स.

पहिलं मरण

ते एका वाक्यात सांगता येतं : माळावर सोडल्यासोडल्या डुमकीचे सहाही पाय कडाकडा मोडले.

वीतभर लांबीच्या मातीच्या डुमकीला बांबूच्या बारीक काड्यांचे पाय होते आणि ती त्यांवर सात वर्षं मजेत उभी होती. मग म्हशीएवढी झाल्यावर का कोसळावी? पाय तर तेवढेच मोठे झाले होते!

हे आबांनी ऐकल्याबरोबर ओळखलं. आबा म्हणजे ऊर्मीचे आजोबा. पन्नास वर्षं मूर्ती घडवलेला माणूस.

"वीतभर गणपतीचा साचा जसाच्या तसा मोठा करून चालत नाही, पोरी. माझ्या पहिल्या मोठ्या मूर्तीचा घोटा असाच गेला होता. हिशेब कर. डुमकी दहापट लांब झाली. दहापट रुंद. दहापट उंच. वजन किती?"

"दहा गुणिले दहा गुणिले दहा. हजारपट!"

"आणि पाय? ओझं पेलतं ते पायाचं छेदक्षेत्र (पाय आडवा कापला तर जी चकती दिसेल, तिचं क्षेत्रफळ). चकती फक्त दोनच बाजूंनी वाढते."

"शंभरपट." ऊर्मी थांबली. "ओझं हजारपट आणि आधार शंभरपट. म्हणजे पायाच्या प्रत्येक कणावर दहापट भार!"

"म्हणून मुंगीचे पाय हत्तीला चालत नाहीत."

ऊर्मीने डुमकीला खांबासारखे जाड, आखूड पाय दिले. आबांच्या ज्ञानाने डुमकी उभी राहिली. दुसऱ्या वेळी ती मेली, तेही आबांच्याच ज्ञानामुळे. पण हे अजून दोघांनाही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या मरणाआधीचे चार दिवस

सोमवार. ऊर्मीने रंग पुन्हा जुळवला. गवत आणि डुमकी यांत काडीचा फरक नाही. मग दिसली कशी?

मंगळवार. तिने पारखीला विचारलं, "रंग चुकला का?"

"मला कारण सांगता येतं, उपाय सांगता येत नाही. मी एकच सांगेन : शिकाऱ्याला रंग दिसतच नाहीत."

"मग त्याला दिसलं काय?"

"हा उत्तम प्रश्न आहे," पारखी म्हणाला आणि पुढच्या मुलाकडे वळला. ऊर्मीला त्याची मान पिरगाळावीशी वाटली. पण त्याला मान नव्हती.

बुधवार. हर्षद म्हणाला, "संगणकाच्या ग्रंथालयातून तयार हरीण घे ना. नाक लावून टाक." ऊर्मीने डुमकी दप्तरात ठेवली आणि घरचा रस्ता धरला.

गुरुवार. गुरुवार महत्त्वाचा आहे, म्हणून त्याला वेगळी जागा.

पण त्याआधी तू उठ

हो, वाचणाऱ्या, तूच. एक चेंडू आण. एकरंगी हवा. तो दिव्याखाली धर आणि बाजूने बघ. वरचा भाग उजळ दिसतो ना? आणि खालचा काळपट? चेंडूचा रंग तर सगळीकडे एकच आहे. ती काळपट छटा म्हणजे चेंडूची स्वतःवरच पडलेली सावली. वर उजेड, खाली अंधार : एवढ्यावरूनच तुझा मेंदू ओळखतो, की ही वस्तू गोल आहे.

आता बस. गुरुवार.

गुरुवार

ओट्यावर बांगडे होते. ऊर्मीची आई ते धुऊन ताटात मांडत होती आणि आबा शेजारी चहा पीत बसले होते. बसल्या बसल्या त्यांनी एक बांगडा उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"आबा, नासतील हो ते!" आई म्हणाली.

"सूनबाई, थांब जरा. ऊर्मे, इकडे ये. हा मासा कुणीतरी उलटा रंगवलाय."

"म्हणजे?"

"आपण मूर्तीला शेडिंग (गडद-फिक्या छटा देणं) कसं मारतो?"

"वरच्या बाजूला फिकं. खाली, पोटाखाली, दंडाखाली गडद."

"का?"

"मूर्ती गोल, भरीव दिसावी म्हणून."

"मग हा बघ. पाठ काळी, पोट पांढरं. याला गोल दिसायचंच नाहीये!"

ऊर्मी बांगड्याकडे बघत राहिली. मग तिने तो आबांच्या हातातून घेतला आणि खिडकीत आडवा धरला. वरून पडलेल्या उजेडाने काळी पाठ उजळली. खालच्या सावलीने पांढरं पोट काळवंडलं. वरची आणि खालची छटा जवळजवळ एक झाली, आणि मासा कापलेल्या पुठ्ठ्यासारखा चपटा दिसू लागला.

"मी डुमकीला शेडिंग मारलं होतं," ती हळूच म्हणाली. "सवयीने. रंग गवताचा, पण पोटाखाली गडद. सूर्याने एक सावली घातली, मी वर दुसरी घातली. शिकाऱ्याला रंग नाही दिसला, आबा. त्याला गोलपणा दिसला!"

याला म्हणतात प्रतिछाया (अंगावरची सावली पुसून टाकणारी रंगांची योजना). चिंकारा हरणाची पाठ तपकिरी आणि पोट पांढरं असतं. खूप माशांचंही तसंच. सूर्य वरून जे रंगवतो, ते त्यांची कातडी खालून खोडून टाकते.

"चल कारखान्यात," आबा उठले.

"आणि बांगडा?" आई म्हणाली. "तो मला परत द्या आधी."

हात ऐकेना

कळणं आणि करणं यात अंतर असतं. ऊर्मीने रंगाची गन (हवेच्या दाबाने रंग उडवणारी पिचकारी) हातात घेतली आणि पहिलाच फवारा पोटाखाली गडद मारला. पुसला. पुन्हा मारला. पुन्हा पोटाखालीच! आठव्या वर्षापासून तिचा हात गणपती रंगवत होता. खाली गडद, वर फिकं : हाताला दुसरं काही येतच नव्हतं.

"आण, मी मारतो," म्हणून आबांनी गन घेतली, आणि पोटाखाली गडद फवारा मारून जीभ चावली.

दोघंही हसली. मग ऊर्मी हसायची थांबली. तिने डुमकी उचलली, उलटी केली आणि पायांना धरून अधांतरी ठेवली.

"आता मार, हाता," ती म्हणाली. "तुझ्या सवयीने मार."

हाताने सवयीप्रमाणे खाली गडद मारलं, म्हणजे डुमकीच्या पाठीवर. वर फिकं मारलं, म्हणजे पोटावर. मधली छटा इतकी अलगद उतरली, की पाठ कुठे संपते ते शोधूनही सापडेना. आबा शेजारी नुसते उभे होते. एकदाच म्हणाले, "कडा नको ठेवू." तिने ठेवली नाही.

तिसरं

शुक्रवार. पडदा. माळ.

शिकारी आला. दोनशे पावलं. शंभर. हर्षदने बाक घट्ट धरला. पन्नास पावलांवर शिकारी थांबला, मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं.  शिकारी वळला आणि चालू लागला.

सूर्य माळाच्या कडेला टेकेपर्यंत तो आणखी दोनदा येऊन गेला.

"दिवस संपला," पारखी म्हणाला. "आपली डुमकी हयात आहे."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. पण हर्षद पडद्याला नाक लावून उभा होता. "कुठाय? ऊर्मे, दाखव ना, कुठाय ती?"

ऊर्मीने पडद्यावर डावीकडून उजवीकडे नजर फिरवली. गवत. गवत. गवत. सात वर्षं उशाशी घेऊन झोपलेली डुमकी तिला सापडेना.

मग गवतात एक झाडू हलला. शेपटी! डुमकीने बी टिपायला नाक खाली घातलं होतं.

"मलाही नाही दिसली," ऊर्मी म्हणाली. यापेक्षा मोठं बक्षीस तिला सुचलं नसतं.

मुलं बाहेर पडल्यावर पारखी तिच्याजवळ आला. "एक विचारू? काही ग्रहांना दोन सूर्य असतात. समजा, एक डोक्यावर आणि दुसरा क्षितिजावर. तिथल्या डुमकीच्या अंगावर सावली कुठे पडेल?"

"तुला उत्तर माहीत आहे?"

"नाही. हा माझा स्वतःचा प्रश्न आहे."

ऊर्मीने दप्तर परत खाली ठेवलं. खिशातून एक एकरंगी चेंडू काढला, तू मघाशी आणलास तसाच.

"दोन दिवे आण," ती म्हणाली.