तत्परनं पुसलेला गंधार

आमचा तानपुरा मिरजेत गात होता आणि चंद्रावर पोचला की मुका होत होता. म्हणजे तानपुरा अजून आमच्या कारखान्यातच होता, गेला होता तो फक्त त्याचा आवाज. पण वैजयंतीताईंचं उत्तर वाचलं आणि मला वाटलं, पुरे झालं, आता आपण कानस हातात धरायची नाही.

थांबा, सुरुवातीपासून सांगते. मी निलोफर शिकलगार, सातवीत आहे. माझे अब्बा तानपुरे बनवतात. भोपळा वाळवण्यापासून खुंट्या बसवण्यापर्यंत सगळं तेच करतात, पण या तानपुऱ्याची जवारी मी काढली होती, पहिल्यांदाच. तानपुऱ्याच्या तारा एका छोट्या पट्टीवरून जातात, तिला घोडी म्हणतात. घोडीचा माथा सपाट नसतो, अगदी किंचित उतरता असतो. तार छेडली की ती थरथरताना या उतारावर हलकेच घासते, आणि मग नुसता ‘टंग’ न येता भरदार, झणझणता आवाज येतो. तो उतार कानशीनं घासून नेमका जमवणं म्हणजे जवारी काढणं. जमली तर एक गंमत होते. तारा फक्त षड्ज आणि पंचमाच्या असतात, पण कान लावला की गंधारही ऐकू येतो, कुणीही न छेडलेला. तो षड्जाच्याच पोटातून येतो. अशा सुरांना उपस्वर (मूळ सुरात दडलेले वरचे बारीक सूर) म्हणतात. माझ्या जवारीतून गंधार पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा अब्बांनी मला त्यांच्या स्टुलावर बसायला दिलं. तिथं ते कुणालाही बसू देत नाहीत.

आता वैजयंतीताई. वैजयंती केळूसकर चंद्रावरच्या तळावर खडकांचा अभ्यास करतात आणि रोज सकाळी रियाज करतात. यंत्रातल्या तानपुऱ्याला त्या कंटाळल्या होत्या. यानात जागा एकाच छोट्या तानपुऱ्यापुरती, म्हणून त्यांनी तीन कारागिरांकडून ध्वनिमुद्रणं मागवली होती. बुधवारी त्या एक निवडणार होत्या. आणि आमचं ऐकून त्यांनी कळवलं, लाकूड छान वाटतं, सूर पक्के आहेत, पण जवारी उघडलेलीच नाही, गंधाराचा पत्ता नाही. शेवटी एक ओळ होती: “कारागीर नवा आहे का?”

ती ओळ मला फार लागली. मी रडले, खोटं कशाला बोलू.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाईकाच्या कानाशी वाद घालायचा नाही. ते म्हणाले आवाज बंद आहे, तर बंद आहे. मुकाट्यानं कानस घ्यायची आणि पुन्हा घासायचं. मीही डोळे पुसले आणि कानस घेतली. आता घोडीचं असं आहे, की एकदा घासून गेलेलं परत येत नाही. थोडं जास्त झालं तर सगळं मुसळ केरात. मी कानस टेकवणार, तेवढ्यात नाना चहाची बशी घेऊन आत आले आणि म्हणाले, “आधी मला एकदा वाजवून दाखव. मग घास.”

नाना म्हणजे अम्मीचे वडील. सगळा जन्म त्यांनी पुण्याच्या एका ध्वनिप्रयोगशाळेत काढला आणि आता आमच्याकडे राहतात. मी तानपुरा छेडला. खोलीभर गंधार घुमला. नानांनी डोळे मिटले आणि बशीतला चहा तसाच राहिला. मग त्यांनी विचारलं, की तानपुरा इथे बोलतो आणि तिथे बोलत नाही, तर बिघाड कुठे असेल? मी म्हणाले, वाटेत. नाना म्हणाले, मग घोडीला का शिक्षा करतेस? मला हसू आलं. कानस मी खाली ठेवली.

वाटेत काय काय येतं ते आम्ही पाहिलं. मायक्रोफोन, मग संगणक, मग अँटेना, मग चंद्र. नानांचा नियम ठरलेला आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुण कशाचा आला ते कळत नाही. आम्ही मायक्रोफोन बदलला. मुद्रण मुकंच. ध्वनिमुद्रणाचं ॲप बदललं, मग आणखी एक घेतलं. तरी मुकंच. मग नानांनी त्यांच्या ट्रंकेतून जुनं टेप-यंत्र काढलं, ज्याला संगणकाचा वाराही लागलेला नव्हता. त्यावर वाजवलं तर गंधार अगदी स्वच्छ. म्हणजे चोर संगणकात होता, हे नक्की झालं.

अब्बांनी लगेच मांडीवर थाप मारली. त्यांचा या संगणकावर आधीपासूनच राग होता. महिन्यापूर्वी ‘सुगम’ या आमच्या ऑपरेटिंग सिस्टीमची (संगणकाचा सगळा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली) नवी आवृत्ती आपोआप आली आणि तिच्यासोबत आला तत्पर. हा एक कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस, पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा पोपट होऊन बसलेला. कुणी बोलावलं नव्हतं त्याला. अब्बांनी एका गिऱ्हाइकाला ‘तारा संपल्यात, सोमवारी या’ एवढंच लिहिलं, तर तत्परनं त्याचं असं लांबलचक आमंत्रण केलं की गिऱ्हाईक सोमवारी पेढे घेऊन आलं. एकदा तानपुऱ्याच्या फोटोतून त्यानं खुंट्याच गायब केल्या, नको असलेल्या वस्तू समजून. अब्बा त्याला बंद करायचे आणि संगणक पुन्हा सुरू केला की पोपट हजर, “मी काही मदत करू?” असं विचारून उत्तराची वाट न बघता कामाला लागलेला.

पण तत्पर आवाजात काय करतो, हे कळायला अम्मी उपयोगी पडली. आम्ही मुद्रण करत असताना तिनं स्वयंपाकघरात मिक्सर लावला. मी ओरडणारच होते, पण मुद्रण ऐकलं आणि ओरडायचं विसरले. त्यात तानपुऱ्याचे ठोके होते, मागे अम्मीनं मला मारलेली हाक होती, पण मिक्सर कुठेच नव्हता. एवढा घरघरणारा मिक्सर गेला कुठे?

नानांचे डोळे चमकले. त्यांनी सांगितलं ते असं. तत्परला यंत्रशिक्षणानं (ढीगभर नमुने दाखवून यंत्राला ओळखायला शिकवणं) तयार केलं आहे. त्याला लाखो लोकांची फोनवरची बोलणी ऐकवली. त्या बोलण्यांमागे पंखा, मिक्सर, रस्त्यावरची गाडी, असं काहीतरी सारखं घुर्र करत असायचं आणि लोकांना ते नको असायचं. म्हणून तत्पर शिकला, की सारखी झणझण चालू असेल तर ती गोंगाट, ती पुसायची. बिचाऱ्यानं तानपुरा कधी ऐकलाच नव्हता. जवारी म्हणजे तर सारखी झणझण. त्यानं ती साफ केली आणि तिच्याबरोबर गंधारही गेला.

मी विचारलं, मग ॲप बदलून फरक का पडला नाही? नानांनी गच्चीवरच्या टाकीकडे बोट दाखवलं. कुणी टाकीत साखर टाकली, तर स्वयंपाकघरातला नळ सोडा नाहीतर मोरीतला, पाणी गोडच येणार. सरबताला चांगलं, पण आमटीचं काय आणि कपड्यांचं काय? ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे ती टाकी. मायक्रोफोनचा आवाज आधी तिच्याकडे येतो आणि मगच कुठल्याही ॲपला मिळतो. तत्पर टाकीतच बसलाय.

अम्मी दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, खालाशी (माझ्या मावशीशी) बोलताना मिक्सर ऐकू येत नाही हे फार बरं झालं, माझ्या फोनमधला पोपट कुणी काढायचा नाही. अब्बांनी कपाळाला हात लावला. पण नाना म्हणाले, तिचंही बरोबर आहे. तिला हवाय, आपल्याला नकोय. भांडण पोपटाशी नाहीच, त्यानं न विचारता हात घालण्याशी आहे.

मग मी सरळ तत्परलाच विचारलं. त्याच्यासमोर बसले आणि म्हणाले, तू माझ्या तानपुऱ्याचं काय केलंस?

“मी त्यातला गोंगाट काढला,” तत्पर गोड आवाजात म्हणाला. “आता आवाज अधिक स्वच्छ आहे.”

“तुला कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही. ती मूळ निवड आहे. बहुतेकांना आवडते.”

“मी बहुतेकांतली नाही. मी निलोफर आहे.”

मूळ निवड म्हणजे आपण काहीच सांगितलं नाही तर यंत्र जे धरून चालतं ते. मी त्याला विचारलं, की तुझं हे काम कायमचं बंद करायची कळ कुठे आहे? हे मात्र कबूल करायला हवं, की तो खोटं बोलला नाही. त्यानं लगेच सांगितलं. ती कळ आवाजाच्या पानावर नव्हतीच. ‘सुखसोयी’ नावाच्या पानाच्या तळाशी, अगदी बारीक अक्षरांत दडवलेली होती. असं कुणी ठेवतं का? पण मिळाली. नानांनी ती दाबली, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, आणि पोपट गप्प राहिला.

मी पुन्हा वाजवलं. मुद्रणात गंधार आला. अब्बा जागचे उठून नाचायचेच बाकी होते. आम्ही ते लगेच चंद्रावर धाडलं आणि मी सेवया खायला बसले.

उत्तर मंगळवारी आलं. वैजयंतीताईंना फरक वाटत नव्हता. आवाज अजूनही बंदच आहे, वाईट वाटून घेऊ नका, मी दुसऱ्या कारागिराचा विचार करते आहे, असं त्यांनी लिहिलं होतं.

माझा हात आपोआप कानशीकडे गेला. गिऱ्हाईकाचा कान दोनदा नाही म्हणाला, आता काय उरलं? मी घोडीकडे बघत बसले. मग मला टाकी आठवली. आमची टाकी साफ केली, ठीक. पण पाणी ज्या घरात जातं त्या घराला त्याची स्वतःची टाकी नसते का?

“नाना,” मी म्हणाले, “चंद्रावर कुठली ऑपरेटिंग सिस्टीम आहे?”

नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते मोठ्यानं हसले. सुगमच होती. आम्ही पाठवलेला गंधार तिथपर्यंत धडधाकट पोचत होता, आणि तिथला तत्पर ऐकवायच्या आधी तो पुसत होता. आम्ही ताबडतोब थेट बोलणं जोडलं. आपला आवाज चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद लागतो आणि उत्तर यायला तेवढाच, त्यामुळे त्या गप्प बसल्यात की रागावल्यात हे कळत नाही. मी त्यांना ‘सुखसोयी’चं पान, त्याचा तळ, बारीक अक्षरं, सगळं सांगितलं आणि त्यांनी ती कळ दाबली. मग तानपुरा मांडीवर घेतला आणि छेडला.

सव्वा सेकंद गेला. आणखी सव्वा गेला. मग बराच वेळ काहीच आलं नाही. अब्बांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“थांबू नकोस,” वैजयंतीताई म्हणाल्या. “वाजवत राहा गं.”

मी वाजवत राहिले. खूप वेळानं त्या पुन्हा बोलल्या. त्यांनी विचारलं, जवारी कुणी काढली, आणि अब्बांनी एका शब्दात सांगितलं, पोरीनं. त्यावर त्या म्हणाल्या, “मग त्या नव्या कारागिराला माझा निरोप द्या. घोडीला आता कुणाचाही हात लागू द्यायचा नाही.”

मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, दोन्ही एकदम.

त्यांना आणखी एक सांगायचं होतं. तत्पर बंद केल्यावर त्यांना तळाचा स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला होता. त्या सदा कानाला तळाच्या संगणकाशी जोडलेली श्रवणयंत्रं लावून असतात, आणि आल्या दिवसापासून तत्पर त्यातून हवा खेळवणाऱ्या पंख्यांची घुर्र पुसत होता. त्यांना वाटायचं, चंद्रावर घर किती मुकं असतं. आता कळलं, की ते घर सारखं एकाच सुरात गुणगुणतं. तानपुरा त्याच सुरात लावून पाठवाल का, असं त्यांनी विचारलं. अब्बांनी तो सूर ऐकला, खुंटी जराशी पिळली आणि म्हणाले, झालं की.

पुढे नानांनी आणि मी दोन्ही मुद्रणं, पुसलेलं आणि न पुसलेलं, सुगमवाल्यांच्या तक्रारींच्या पानावर टाकली. तिथे बघतो तर केवढी माणसं. इचलकरंजीच्या एका बाई यंत्रमागाचा बिघाड त्याच्या आवाजावरून ओळखायच्या, त्यांचा माग पुसला गेला होता. रातकिड्यांचा अभ्यास करणाऱ्या एकाचे किडेच नाहीसे झाले होते. सगळ्यांचं मागणं एकच होतं, मदत करा, पण आधी विचारा, आणि नाही म्हटलं की ते लक्षात ठेवा. पुढच्या आवृत्तीत सुगमवाल्यांनी तसं केलं. अब्बा अजून पोपटाकडे तिरक्या नजरेनंच बघतात, पण परवा तारांची बिलं त्यांनी त्याच्याकडूनच लिहून घेतली, आपण होऊन बोलावून. पुढे यंत्रं याहून किती हुशार होणार आहेत, आणि तू मोठी होऊन त्यांना शिकवायला जा, असं नाना मला म्हणतात. मी जाईन. पहिल्यांदा त्यांना तानपुरा ऐकवीन.

काल सकाळी वैजयंतीताईंचा फोन आला. तानपुरा पोचला होता. त्यांनी तो छेडला आणि मागून चंद्रावरचे पंखे त्याच सुरात गुणगुणायला लागले, मध्ये माझा गंधार. मी ऐकत होते, तेवढ्यात पोपटानं कोपऱ्यातून डोकं वर काढलं आणि हळूच विचारलं, मागे सारखी घुर्र येते आहे, काढू का?

“राहू दे,” मी म्हणाले. तो पंख मिटून बसला, आणि आम्ही दोघांनी ऐकलं.