तिसऱ्या हाताची जागा

काकांची गाडी माझ्या दुप्पट वयाची. स्टिअरिंगला तडे गेले होते, ते भरायचे, एवढंच काम. गॅरेजच्या मिस्त्रींनी ते उतरवून माझ्यापुढे ठेवलं, कारण असल्या बारीक कामाला माझा हात बरा आहे. शाळा अर्धवट सुटली, तेव्हापासून मी हेच शिकलोय.

धुतल्यावर दिसलं. धरून धरून काळ्या प्लास्टिकला खळगे पडले होते. त्यातले दोन काकांच्या हातांचे. तिसरा शेजारच्या सीटच्या बाजूला, जरा खाली. लहान, चार बोटांचा.

काका तिथेच बाकावर बसले होते. "काका, हा... कुणाचा?"

"अरे वा, लाजाळूला तोंड फुटलं!" काका हसले. "आमच्या हिचा. माझ्या गाडी चालवण्यावर काडीचा विश्वास नव्हता तिचा. शेजारी बसून स्टिअरिंग ओढायची. चार वर्षं झाली तिला जाऊन."

चार वर्षं. तड्यांत मळ घट्ट बसला होता. तो खळगा मात्र लख्ख होता, आत्ताच कुणी हात काढून घ्यावा तसा.

मी तडे भरले आणि त्या ओघात तिन्ही खळगेही भरून टाकले. घासून, रंगवून स्टिअरिंग गुळगुळीत केलं. मिस्त्रींनी पाठ थोपटली.

संध्याकाळी काका गाडी न्यायला आले. त्यांचं घर टेकडीवर. "रस्ता वळणांचा आहे. स्टिअरिंग नीट बसलंय का बघ," म्हणत मिस्त्रींनी मला सोबत धाडलं.

पहिलंच मोठं वळण आलं. काकांचे हात हललेच नाहीत.

"काका... वळण."

"कुठंय?" त्यांनी डोळे बारीक केले. "हल्ली कडेचं दिसत नाही रे मला. पण गाडी वळते आपली आपण. सवयीची आहे."

गाडी सरळच चालली होती. पुढे कठडा नव्हता. आणि स्टिअरिंगवर काहीतरी घासत होतं... कोरडी बोटं ओल्या फरशीवरून निसटावीत तसं. पुन्हा पुन्हा. धरायला जागाच मिळत नसल्यासारखं.

मी त्या तिसऱ्या खळग्याची जागा पकडली आणि जीव खाऊन ओढलं. माझ्या मनगटाभोवती बोटं आवळली. गार, लहान. तीही ओढत होती. काकांचे दोन्ही हात मला समोर दिसत होते.

गाडी वळली. चाकाखालची खडी दरीत घरंगळत गेली... तिचा आवाज बराच वेळ येत राहिला.

काकांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. हळूच म्हणाले, "आलीस?"

घरापाशी मी उतरलो. माझं वजन गेलं तरी गाडीची ती बाजू वर आली नाही.

"दार लावू नकोस इतक्यात," काका म्हणाले.

मी उभा राहिलो. मग स्प्रिंग करकरली आणि गाडी दोन बोटं वर उचलली गेली.

काका घरात गेले. माझं मनगट मात्र अजून सुटलं नव्हतं.