कडुनिंबावरची स्प्रिंग

ही गोष्ट रात्रीची नाही हं, भर उन्हातली आहे. अंधारातल्याला माणूस निदान दिवा तरी दाखवतो. उन्हातल्याला काय दाखवणार, सांगा?

कोल्हारच्या मच्छिंद्र मिस्त्रीचं गॅरेज हमरस्त्यापासून जरा आत, प्रवरा नदीच्या अंगाला. घर त्याला चिकटूनच. मिस्त्री हाताचा पक्का, पण एक खोड मोठी. लोखंडाचा तुकडा दिसला की त्याला राहवायचं नाही. रस्त्यातला नट असो की कुणाच्या बांधावर पडलेला फाळ, उचलून खिशात. “लोखंडाला मालक नसतो,” म्हणायचा, “ज्याला लागलं त्याचं.” बायको छबूबाई कपाळावर हात मारायची आणि त्याच्या पँटचे फाटलेले खिसे शिवत बसायची.

त्या उन्हाळ्यात कोपरगावच्या कल्याणरावांची जुनी मोटार त्याच्याकडे आली होती. पार आजोबांच्या काळातली. गोठ्यात पडून पडून तिच्यात कोंबड्यांनी अंडी घातलेली. ती पुन्हा चालती करायची होती. इंजिन बोललं, रंग झाला, राहिले ब्रेक. त्या काळी ब्रेकला तेल-बिल नसायचं. पायाखालच्या पेडलपासून चारी चाकांकडे लोखंडी दांड्या गेलेल्या. पाय दाबला की दांड्या ओढल्या जातात, सोडला की स्प्रिंगा त्यांना मागं आणतात. बारक्या स्प्रिंगा पुण्याहून आल्या. मधली मोठी, सगळ्या दांड्यांना एकदम मागं खेचणारी, ती मात्र कुठं मिळेना.

मिस्त्रीचं चित्त तसं गाडीत नव्हतंच. लेक सुकन्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा महिना लागलेला. आधी दोनदा तिची कूस रिकामी झाली होती. तिसऱ्यांदा तसं झालं तर पोरगी वेडी होईल, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. रात्र रात्र तिला झोप नसायची. पोटातलं पोर लाथा मारी, आणि त्या लाथा मोजतच छबूबाईच्या जिवात जीव राही.

तर त्या दिवशी मिस्त्री भंगारवाल्याकडून हात हलवत परत निघाला, तो नदीकाठच्या वाटेने. ऊसतोडीची टोळी आठवड्याखाली उठून गेली होती. मोडक्या कोप्या-झोपड्या, चुलीची राख, उसाचं वाळकं पाचट, दुसरं काही नाही. कडुनिंबाच्या फांदीला मात्र झोळीची स्प्रिंग लटकत होती. पोरांना झोळीत निजवतात ना, तिची. खाली लुगड्याची चिंधी. गाठ सोडलेली नव्हती, कोयत्यानं कापड छाटलेलं दिसत होतं.

विसरले बिचारे, असं म्हणत त्यानं स्प्रिंग काढली. हाताला बरीच जड लागली. चांगलं पोलाद जडच असायचं, असं म्हणून तो खूश झाला.

घरी येऊन गाडीखाली शिरला. दोरीचा फास घालून ताण दिला, एक आकडा चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, भोकात अडकवला, दुसरा दांडीच्या कानात. मापाची करून घेतल्यासारखी बसली बघा! मिस्त्रीनं बाहेर येऊन पेडल दाबलं, सोडलं. खट्‌ करून वर आलं.

“झ्याक!” तो म्हणाला आणि हात धुवायला वळला.

मागं आवाज झाला. कुर्र… कुर्र…

त्यानं वळून पाहिलं. गाडी ठोकळ्यांवर चढवलेली, चाकं अधांतरी. आत कुणी नाही. पेडल मात्र हळूच खाली जात होतं, हळूच वर येत होतं. तेल नसेल म्हणून त्यानं वंगण घातलं. आवाज बारीक झाला, थांबला नाही. दुपारचा वारा पडलेला, पत्रा तापून तडतडत होता, आणि ग्रीसच्या वासात कसलातरी आंबूस वास मिसळला होता. ओकलेल्या दुधाचा असतो तसा. मिस्त्रीनं मनाशी काहीबाही कारणं जुळवली आणि शटर ओढून घेतलं.

संध्याकाळी छबूबाई हसतमुखानं चहा घेऊन आली. “अहो, पोरगी झोपली बघा! कवाधरनं डोळ्याला डोळा नव्हता. तुमच्या त्या गाडीचा आवाज ऐकत ऐकत झोपली.”

मिस्त्रीनं चहा घेतला आणि बंद शटरला कान लावला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं शटर उघडलं, तर सुकन्या मागच्या शिटावर बसलेली. मागच्या दारानं आली असावी. डोळे मिटलेले, हात पोटावर. पेडल खाली-वर होतच होतं.

“सुकन्या, इथं काय करती बाळा? किती उकडतंय.”

“गप बसा आबा… लई बरं वाटतंय.” ती डोळे न उघडता बोलली. “कालपासनं एक लाथ न्हाई मारली त्यानं. गुमान पडलंय.”

कालपासून लाथ नाही! मिस्त्री धावतच चुलीपाशी गेला. “छबे, त्या टोळीतलं कुनी… कुनाचं पोर गेलं हुतं का?”

“व्हय की. पाथर्डीकडची दगडाबाई, आपल्याच नळावर पान्याला यायची. ती उसात गेलेली, आन्‌ दुपारचं झोळीतच पोर थंड पडलं.” छबूबाई पदर सावरत म्हणाली. “मग ती रोज येऊन रिकामी झोळी हालवायची. म्या म्हनलं, बाई, रिकामी झोळी हालवू नये, दुसरंच कुनी येऊन निजतं. तर म्हनली, रिकामी कुठं हाय? जाताना कापड कापून घेतलं, पन ती स्प्रिंग न्हाई काढली. म्हनली, तिच्यात अजून वजन हाय… पन तुमी का इचारताय? अहो… तुमी काय आनलंय?”

मिस्त्री उत्तर द्यायला थांबला नाही. दोरी घेऊन तो गाडीखाली उताणा शिरला. नाकापासून हातभर वर ती स्प्रिंग ताणत होती, मिटत होती. वेढे सावकाश उघडायचे, सावकाश जवळ यायचे. त्यानं आयुष्यभर लोखंड हाताळलं होतं, पण हे लोखंड हाताला कोमट लागत होतं. गावच्या भगवती आईचं नाव घेत त्यानं फास घातला आणि सगळ्या ताकदीनं ओढलं.

“आबा, नका!” वरून सुकन्या किंचाळली. “नका थांबवू… रडंल ते!”

आकडा निसटला. दांडी सैल पडली. सगळं एकदम शांत झालं. मग शिटावरून सुकन्याचा एक लांब, सुखाचा उसासा ऐकू आला.

मिस्त्री अनवाणीच नदीकडे पळाला. फुफाट्यानं पाय भाजले तरी त्याला कळलं नाही. कडुनिंबाच्या त्याच फांदीला त्यानं स्प्रिंग टांगली, हात जोडले, “चुकलं माझं, माय. तुझं तुला परत,” म्हणाला. स्प्रिंग हलकी फुलासारखी लोंबत होती, वेढे मिटलेले. वजन गेलं होतं. तो तिथंच मातीत बसून लहान पोरासारखा रडला. सुटलो, असंच वाटलं त्याला.

तरी लाथ नव्हती ती नव्हतीच. शेजारच्याची जीप काढून त्यांनी सुकन्याला दवाखान्यात नेलं. वाटेत छबूबाईनं नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. पडद्यावर काहीतरी करडं हलत होतं. बाईंच्या कपाळाला आठी पडली.

मग यंत्रातून ठोके ऐकू आले. धडधड, धडधड. चांगले, खणखणीत.

“घाबरू नका, बाळ छान आहे,” बाई म्हणाल्या. छबूबाईनं तोंडात पदर कोंबला आणि हुंदका दिला. बाई मात्र यंत्र फिरवतच राहिल्या. मागचे रिपोर्ट काढले, पुन्हा पुन्हा पाहिले. “कमाल आहे… दर वेळी एकच दिसलंय यात. इथं तर दुसरे ठोकेही लागतायत. जुळं आहे हो तुम्हाला!”

मिस्त्रीनं लेकीकडे पाहिलं. तिला नवल वाटलेलं दिसत नव्हतं. पोटाच्या डाव्या बाजूला ती हलक्या हातानं थोपटत होती.

“हळू बोला, आबा,” ती कुजबुजली. “माझं झोपलंय… पन हे जागं हाय. मघापासनं तुमच्याकडंच बघतंय.”