टाक्यांवर पांढरं कापड

सकाळी सांडपाणी केंद्राच्या फाटकातून आत आले आणि माझं डोकंच फिरलं. ज्या उघड्या टाक्यांत शेवाळ वाढवून मी शहराचं सांडपाणी साफ करते, त्यांच्यावर कोणीतरी जाड पांढरं कापड ताणलं होतं! शिडीवर एक तरुण मंडपवाला दातांत दोरी धरून गाठ मारत होता.

“उतरा खाली! आधी उतरा!”

त्याची दोरी सुटली. “उद्या पाहुणे येणार ना... साहेब म्हणाले, घाण झाका.”

“घाण? अहो, हे शेवाळ तुमच्या-आमच्या मोरीतली घाण खाऊन वाढतं! मग वाळवून रोपवाटिकेत खत म्हणून जातं. मागतं काय? ऊन! आणि तेच तुम्ही अडवलंत!”

तो उतरला. टाकीवर वाकून हिरव्यागार पाण्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. “मला हे कुणी सांगितलंच नाही हो,” तो म्हणाला — इतक्या सरळ नजरेनं, की ओरडायचं सोडून मी त्याची शिडी धरली.

त्यानं गाठी सोडायला घेतल्या. तेवढ्यात साहेब आले.

“बाई, पाहुण्यांनी हे असलं पाणी बघायचं?”

“मग काय कापड बघायला येतायत?”

“ते कापड राहू दे!”

“कापड माझं आहे, साहेब,” मंडपवाला घडी घालत म्हणाला. “मी घेऊन चाललो.”

“मग पुन्हा इथं काम मागायला यायचं नाही!”

“बरं.”

मी तरातरा त्याच्या मागे गेले. “तुम्हाला कोणी सांगितला होता हा शहाणपणा? घालवलंत ना काम!”

“तुम्ही एकट्याच भांडत होतात...” तो म्हणाला. “बघवेना.”

दुसऱ्या दिवशी पाहुणे त्या हिरव्या पाण्यावर भलतेच खूश झाले. साहेब छाती फुगवून म्हणाले, “कल्पना माझीच!” फोटोच्या वेळी मला सांगितलं, “बाई, जरा बाजूला व्हा.” माझ्याच टाक्यांपासून!

संध्याकाळी फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर मी धुमसत बसले होते. समोर तो मंडपवाला उभा.

“आता कशाला आलात?”

“तुम्ही चिडला असाल, असं वाटलं.”

“मग? चिडलेल्या बायका आवडतात तुम्हाला?”

“बायका नाही...” तो कानापर्यंत लाल झाला. “तुम्ही. न चिडताही आवडाल — पण तशा अजून बघायला मिळाल्या नाहीत.”

हसू दाबताना माझे ओठ दुखले. राग मात्र तसाच होता. मी कट्ट्यावर थोडी सरकले.

“बसा,” म्हटलं. “फोटोचं तर अजून सांगायचंच आहे.”