फिक्यावर दिसतं

भर दुपार होती, हे आधी सांगून ठेवते. असल्या गोष्टी रात्रीच का घडतात, असं मीही हसून विचारायचे. आता विचारत नाही.

ताई बाळाला घेऊन माहेरी येणार होती. बाळ उजेडात झोपायचं नाही, आणि ते झोपत नाही म्हणून तीही नाही. फोनवर बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची, मग रडायची. आई बाळंतपणापासून तिच्याकडेच होती आणि तीही टेकीला आली होती. ताईला माडीवरची मागची खोली द्यायची ठरली, आणि रंगाचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मी दुकानात जाऊन दोन छोटे डबे आणले आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर पेंटरकाकांकडून शेजारी शेजारी दोन चौकोन रंगवून घेतले. एक सायीसारखा फिका. दुसरा निळा, पार काळ्याकडे झुकलेला. दिवसभर येता-जाता त्यांच्यासमोर उभी राहिले. फिका चौकोन उन्हात डोळ्यांवर यायचा आणि दिव्याखाली आजारी माणसासारखा पिवळा पडायचा. गडद चौकोन उजेड गिळून टाकायचा. त्याच्याकडे नुसतं पाहिलं तरी पापण्या जड व्हायच्या. पेंटरकाका म्हणाले, गडद रंगाने खोली लहान वाटते. मी म्हटलं, वाटू दे, आम्हाला तिथे क्रिकेट खेळायचं नाहीये.

बाबा मात्र अडून बसले. फिकाच हवा. बाकी घराचे पोपडे निघाले तरी त्यांना चालायचं, पण ही एक खोली ते दरवर्षी स्वतः पांढरी करायचे. मी कारण विचारलं.

"फिक्यावर दिसतं," ते म्हणाले.

"मळ दिसतो बाबा. दुसरं काय दिसणार आहे?"

त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. आमच्याकडे मोठ्यांचं हे असंच. उत्तर नसलं की कागद वर. ताईला झोप हवी होती आणि यांना आपली सवय सोडवत नव्हती. मी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेले आणि मी पेंटरकाकांना गडद रंगाचा डबा उघडायला सांगितलं.

दुपारपर्यंत तीन भिंती निळ्या झाल्या. नमुन्यांचे चौकोन होते ती खिडकीसमोरची भिंत तेवढी राहिली. पेंटरकाका जेवायला गेले. खोली खरंच सुंदर दिसत होती, विहिरीच्या तळाशी असावी तशी थंड आणि गप्प. ओल्या रंगाचा वास घशात बसत होता. मी खिडकीकडे पाठ करून उभी होते. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर माझी सावली पडली होती.

तिच्या बाजूला आणखी एक होती.

बाईची. बारीक मान, अंबाडा, डोकं पुढे झुकलेलं. मला वाटलं, पेंटरकाकांची शिडी असेल. वळून पाहिलं. शिडी दुसऱ्या कोपऱ्यात होती. खिडकीबाहेर उभं राहायला काहीच नाही, खाली सरळ रस्ता. पुन्हा भिंतीकडे पाहिलं तर ती चालू लागली होती. अगदी सावकाश, कडेकडेने, कोपऱ्याकडे. वाटेतल्या निळ्या चौकोनात तिचा खांदा बुडाला आणि पलीकडे परत निघाला. मग पांढरी भिंत संपली. आधी हात दिसेनासा झाला, मग अंबाडा, मग सगळी.

आणि मग आवाज आला. ओल्या रंगावर तळहात टेकवून उचलला की होतो तसा, चिकट. थोडं थांबून पुन्हा. डावीकडून... मग दाराच्या वरून... मग माझ्या पाठीमागे, खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर. मी भिंतींकडे डोळे फाडून पाहत होते. नुसता निळा रंग. एक डाग नाही, एक ठसा नाही.

खाली कशी आले ते आठवत नाही. बाबांना फोन लावला, लगेच घरी या, एवढंच म्हटलं. ते आले. माडीवर गेले, दारातूनच तीन निळ्या भिंती पाहिल्या, आणि मला वाटलं आता आवाज चढणार. तसं झालं नाही.

"शेवटची कुठे दिसली?" त्यांनी हळूच विचारलं.

मी कोपरा दाखवला. ते तिथेच शिडीच्या पायरीवर बसले. कोण आहे ती, ते त्यांनाही माहीत नव्हतं. आम्ही या घरात आलो तेव्हा ती या खोलीत होतीच. कधी कुणाला काही केलं नाही, फक्त बाळाकडे सरकते. म्हणून भिंती पांढऱ्या. आधी ती कुठे उभी आहे ते बघायचं, मग बाळाला दुसऱ्या टोकाला ठेवायचं.

"तुझा पाळणा रोज हलवायचो आम्ही," ते म्हणाले. "आई एका बाजूने उचलायची, मी दुसऱ्या."

"मग सांगितलं का नाही मला?" माझा आवाज फाटला.

"तू घाबरशील म्हणून."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण भांडायला वेळच नव्हता. ताईला थांबवायला फोन केला तर ती आणि आई कधीच निघाल्या होत्या. पेंटरकाकांना बोलावलं आणि आम्ही तिघं भिंतींना भिडलो. निळ्यावर पांढरा बसता बसेना. रंगाच्या एका हातावर दुसरा हात मारत गेलो. उन्हं कलली तेव्हा कुठे चारही भिंती राखाडी, मग मळकट पांढऱ्या झाल्या. बाबांनी दिवा हातात धरून एकेक भिंत पाहिली.

कुठेच काही नव्हतं.

"गेली असेल," मी म्हटलं.

बाबांनी दिवा पुन्हा त्या कोपऱ्याकडे नेला. खालून दाराची कडी वाजली.

आम्ही जिन्यावरून धावतच उतरलो. आई सामान घेऊन आत आली होती. ताई उंबऱ्यात उभी होती, पाठीमागून उतरतं ऊन, बाळ दुपट्यात. थकलेली होती, पण किती दिवसांनी हसत होती. तिची सावली बैठकीच्या भिंतीवर पडली होती. मी तिकडे पाहिलं. बाबांनी माझ्या आधीच पाहिलं होतं, आणि त्यांचा हात माझ्या मनगटावर घट्ट बसला.

ताई सरळ उभी होती, आमच्याकडे बघत. भिंतीवरची सावली मात्र खाली वाकली होती आणि बाळाला सावकाश झोके देत होती.

बाळ भिंतीकडे टक लावून होतं. मग त्याने डोळे मिटले.

"अगं बाई, झोपला," ताई कुजबुजली. मग गोंधळून हातांकडे पाहिलं. "आणि हा... एकदम हलका कसा लागतोय गं? जणू दुसरंच कुणी धरलंय..."