दीड हात खाली

भरतीचं पाणी पुन्हा न्हाणीतून आत आलं, तेव्हा कास्मुरीने घराची जमीन तिसऱ्यांदा उचलायचं ठरवलं. इंडोनेशियातल्या सेमारंग शहराच्या उत्तरेकडच्या, समुद्राकाठच्या त्या वस्तीत यात नवल काहीच नव्हतं. जमीन खचते, समुद्र आत येतो. मग आधी मशीद उंच होते, मग गल्ली, आणि गल्ली उंच झाली की घरं खड्ड्यात जातात. घरात मातीचा भराव टाकून वर नवी फरशी घातली, की पुढची काही वर्षं निभतात. छपराला हात लावायची ऐपत कोणाचीच नसते. म्हणून तिथल्या जुन्या घरांत खिडक्या घोट्याशी येतात, दिव्याची बटणं गुडघ्याशी, आणि घरचा धनीसुद्धा आपल्याच दारातून वाकून आत शिरतो.

कास्मुरी गवंडी होता. त्याची बायको पार्तिनी करवंट्यांच्या धुरावर मासे भाजून बाजारात नेई. मातीची गाडी शुक्रवारी दारात रिकामी झाली. इर्जिकीला येतात तसे रविवारी सगळे शेजारी घमेली घेऊन येणार होते, आणि बायका त्यांच्यासाठी नारळाच्या दुधातलं कालवण रांधणार होत्या.

"पार्तिनी, आता तुझ्याकडे रांगतच यावं लागणार गं," समोरची वार्सिनीकाकू ढिगाकडे बघत म्हणाली. "म्हातारपणी पुन्हा बाळ करतेस आम्हाला!"

"या तर खऱ्या. पाळणा बांधून ठेवते," पार्तिनी हसली.

सामान आधीच वार्सिनीकाकूच्या माळ्यावर गेलं होतं. रिकाम्या घरात पार्तिनी कोपरे झाडायला वाकली. मगरिबच्या अजानीला थोडा अवकाश होता. गल्लीतल्या साचलेल्या पाण्यावर तांबूस उजेड पडला होता, आणि खाऱ्या चिखलाचा ओला वास घरभर भरला होता.

खर्र... खर्र...

ती थांबली. तिचा झाडू तर हातातच होता. आवाज पायाखालून येत होता. नारळाच्या हिरांच्या झाडूचा, लांब, सावकाश फटकारा. मागच्या खोलीखालून निघाला, तिच्या तळव्यांखालून गेला, दारापर्यंत पोहोचला आणि थांबला. मग कोणीतरी खोकलं. बारीक, दोनदा.

तो खोकला पार्तिनीने अकरा वर्षं ऐकला होता. तिच्या वारलेल्या सासूचा, तास्रिपाचा.

कास्मुरी आत आला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती.

"आवाज आला का तुम्हाला?"

तो म्हणाला, "पाणी असेल. भरावात फिरतं पाणी."

"पाणी खोकतं का हो?"

"अगं, हळू बोल..."

"म्हणजे तुम्हीही ऐकलंय. कधीपासून?"

"दोन वर्षं झाली," कास्मुरी खाली बघत म्हणाला. "रोज याच वेळी, तू बाजारात असतेस तेव्हा."

पुन्हा ती खर्र खर्र सुरू झाली. दारापर्यंत आली, थांबली, आणि मागे फिरली.

"तिला दार सापडत नाहीये," पार्तिनी कुजबुजली.

कास्मुरीने तोंडावर हात धरला. मेलेलं माणूस चाळीस दिवस घरातच वावरतं, आणि चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली की पुढच्या दाराने निघून जातं, असं त्याची आईच सांगायची. ती गेली त्या महिन्यात पाणी गुडघ्याला लागलं होतं. चाळिसाव्याला येणारी माणसं बसणार कुठे? आईच्या प्रार्थनेसाठी घर कोरडं हवं म्हणून त्याने बत्तिसाव्या दिवशीच भराव टाकला. जुना उंबरठा दीड हात खाली गेला. त्यावर त्याने स्वतः विटा रचल्या.

"रविवारी आणखी एक हात माती पडेल तिच्यावर," पार्तिनी म्हणाली.

"फरशी फोडली तर समुद्र वर येईल. इथं वीतभर खणलं तरी पाणी लागतं, माहीत आहे ना तुला?"

"येऊ दे. पाणी उपसता येतं."

कास्मुरीने पहार आणली. दारापाशी फरशी फोडली. खाली त्याचीच माती होती, घट्ट, काळी, ओली. एक वीत गेली, दोन गेल्या. मग पहार एकदम आत घुसली आणि त्याचा तोल गेला. खाली पोकळी होती.

त्याने उजेड धरला. दीड हात खाली जुनी पिवळी फरशी दिसत होती. कोरडी. धुळीचा कण नाही. भराव त्या दोघांनी स्वतःच्या हातांनी ठोकून बसवला होता, आणि बाहेर गल्लीत पाणी पोटरीला लागत होतं.

पार्तिनीने पोटावर पडून भगदाडात तोंड घातलं. आतून गार हवा आली, तिला सासूच्या लवंगतेलाचा वास होता.

"आई," ती म्हणाली. "आई, दार इकडे आहे. चुकलं आमचं. या बाहेर... सावकाश या."

कास्मुरी लहान मुलासारखा रडत होता. त्याने वाकून हात खाली सोडला, म्हाताऱ्या माणसाला पायरी चढताना देतात तसा. त्याच्या मनगटाला काहीतरी हलकंसं टेकलं, आणि मग सुटलं. बाहेर अजान सुरू झाली. लवंगतेलाचा वास दारातून गल्लीकडे गेला आणि विरला. तेव्हा कुठे भगदाडात पाणी झिरपायला लागलं.

शनिवारी त्यांनी मौलवींना बोलावून प्रार्थना करवली. रविवारी शेजारी आले, भराव पडला, ठोकला गेला. बुधवारी फरशी बसली. संध्याकाळी ती दोघं नव्या जमिनीवर बसून कितीतरी वेळ कान देत राहिली. काहीच नव्हतं. कास्मुरी त्या दिवशी पोटभर जेवला.

शुक्रवारी पार्तिनी एकटीच होती. उन्हं उतरली होती. ती खालीच बसून मासे साफ करत होती, आणि तिला खालून पुरुषाचा आवाज आला. अनोळखी, अदबीचा.

"आहे का कोणी घरात?"

तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"या ना," खालून एका बाईने उत्तर दिलं. "दार उघडंच आहे."

आवाज पार्तिनीचा होता, भगदाडात तोंड घालून तिने सासूला हाक मारली होती, तोच.